बरणीतला शेजार

फ्रीजमधून बरणी काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. आतल्या कुपीतलं द्रावण लाल होतं. ते हिरवं व्हायला हवं होतं. बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवडा होऊन गेला होता, आणि ही काही पहिली खेप नव्हती.

मी झाकण न उघडताच बरणी टेबलावर ठेवली. प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. समोरचं टेबल मोकळं होतं. त्याच्या कडेला पेनने लिहिलेलं ‘प्रेरणा, कागल, हात लावू नये’ अजून पुसलेलं नव्हतं.

माझं काम निकेलवर आहे. निकेलचा अणू द्रावणात एकटा राहत नाही, त्याच्याभोवती दुसरे अणू जोडलेले असतात. माझ्या संयुगात असे चार अणू एकाच पातळीत, चौकाच्या चार कोपऱ्यांसारखे बसतात. मध्ये निकेल. वरची आणि खालची जागा रिकामी. निकेल असा सपाट असला की द्रावण लाल दिसतं आणि चुंबकाला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. पण वरून एक आणि खालून एक असे आणखी दोन अणू येऊन जोडले गेले, की सगळी रचनाच बदलते. द्रावण हिरवं होतं, आणि आता चुंबक त्याला ओढतो. निकेल तोच. फक्त त्याच्याजवळ कोण आलं आणि कोण गेलं, एवढ्यावर त्याचा आकार आणि त्याचं काम ठरतं.

हे सगळं जुनं आहे, पुस्तकांत आहे. माझं म्हणून जे होतं ते वेगळं. मी माझ्या रेणूला दोन हात दिले होते. हात म्हणजे कार्बनच्या छोट्या साखळ्या, टोकाला एकेक नायट्रोजन. कल्पना अशी, की द्रावण थंड असलं की हे हात वळून निकेलला वरून-खालून धरतील, आणि तापवलं की सोडून देतील. बाहेरून काही घालायला नको, काही काढायला नको. थंडीत चुंबकीय, उन्हात नाही. स्वतःचं बटण स्वतःच दाबणारा रेणू.

आणि तो तसा वागलाही होता. स्फटिक मिळावेत म्हणून मी कुपी बरणीत ठेवली, आणि स्फटिक आले नाहीत, पण द्रावण हिरवंगार झालं. बूच लावून गरम पाण्यात धरलं की लाल, बर्फात धरलं की हिरवं. कितीही वेळा करा. विभागातल्या जुन्या चुंबकीय तराजूवर हिरव्या नळीचं वजन वाढायचं, तापवली की ती वाढ नाहीशी व्हायची. माझे मार्गदर्शक सर स्वतः येऊन उभे राहिले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं होतं, “आणि बाहेरनं काहीच घातलं न्हाईस?”

“काहीच नाही सर. हातच धरतात.”

“भले!” सर म्हणाले होते. डॉ. अमरसिंह कोणाला ‘भले’ म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. ताजं द्रावण नुसतं बर्फात ठेवून हिरवं होत नसे. आधी ते आठवडाभर बरणीत राहावं लागे. मी त्याचं कारण शोधून काढलं होतं: हात लांब आहेत, वळून नीट बसायला त्यांना वेळ लागतो. एकदा बसले की मग सराव होतो. ऐकायला बरं वाटत होतं. शोधनिबंधात ते वाक्य इंग्रजीत आणखीच बरं वाटत होतं.

निबंध पाठवला, आणि परीक्षकांकडून एकच अट घालून तो परत आला. संयुग नव्याने तयार करा आणि हाच बदल पुन्हा दाखवा. दोन महिने दिले होते. दाखवला तर निबंध छापून येणार, आणि माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण पुरं होणार. नाही दाखवला, तर प्रबंधात हात नावाचं काही उरत नाही. नवीन संयुग मी तीनदा केलं. तीनदा ते बरणीत लालच राहिलं.

*

बरणी प्रेरणाची. कागलहून आणलेली, घरी लिंबाच्या लोणच्याची होती. जाड काच, रुंद तोंड, झाकणाला आतून रबराची चकती. स्फटिक मिळवायची आमच्याकडची रीत अशी: बरणीच्या तळाशी थोडं हेक्झेन ओतायचं, त्यात आपल्या द्रावणाची छोटी उघडी कुपी उभी करायची, झाकण घट्ट लावायचं आणि विसरून जायचं. हेक्झेनची वाफ हळूहळू कुपीत शिरते आणि संयुग स्फटिक होऊन खाली बसतं. विभागाकडून हेक्झेन मोजकंच मिळायचं. दोघींच्या दोन बरण्या करण्यापेक्षा एकाच बरणीत दोघींच्या कुप्या ठेवायच्या, हे आम्ही पहिल्याच वर्षी ठरवलं होतं. माझी डावीकडे, तिची उजवीकडे.

तिचं काम चांदीच्या संयुगांवर होतं. मी हुपरीची, आमच्या घरी चांदीचे पैंजण बनतात, त्यामुळे ती मला छळायची. “तुमच्या हुपरीत चांदीचं पैंजण, माझ्या बरणीत चांदीचं लोणचं. कोण जास्त कमवणार बघू.”

तिची चांदीची संयुगं उजेडात काळी पडत. म्हणून तिच्या कुपीला बाहेरून चकचकीत फॉइल गुंडाळलेली असे, फक्त तोंड उघडं. आत काय आहे ते दिसायचं नाही. मला ते ठाऊक होतं: पिरिडीन नावाच्या द्रवात विरघळवलेली चांदी.

पिरिडीनचा वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही. उन्हात विसरलेली मासळी, त्यावर काहीतरी औषधी. तिच्या ओढणीला, केसांना, वहीच्या पानांना तो वास असायचा. संध्याकाळी आम्ही विद्यापीठापासून मध्यवर्ती स्टँडपर्यंत केएमटीच्या सिटी बसने एकत्र यायचो. तिथून ती कागलच्या गाडीत बसायची. मी राजारामपुरीत खोली घेऊन राहते, मला स्टँडवर जायचं कारण नव्हतं. तिला सोडून मी परत चालत यायची.

एकदा गर्दीच्या गाडीत कंडक्टर आमच्याजवळ येऊन थांबला. नाक मुरडून म्हणाला, “मासळी कुणाची हाय? तिचंबी तिकीट काढा.”

“मासळी न्हाय वो मामा,” प्रेरणा म्हणाली, “पीएच.डी. हाय. पास हाय माझा.”

सगळी गाडी हसली. पुढच्या सीटवरची एक बाई मात्र उठून उभी राहिली. जाता जाता म्हणाली, “व्हय बाई, पीएच.डी. हाय ती हाय. पर आंघोळ करत जा की.” प्रेरणा त्या रिकाम्या जागेवर मला ओढून बसवत म्हणाली, “बघ, वासाचा एवढा तर फायदा हाय.”

मला तो वास येत नसे. पहिले काही महिने आला असेल. मग नाकाने त्याची दखल घेणं सोडून दिलं.

मागच्या दिवाळीनंतर तिचा प्रबंध झाला आणि हैदराबादच्या एका औषध कंपनीत तिला नोकरी लागली. जाताना ती बरणी मला देऊन गेली. “तुझ्या अव्वाला सांग, कागलचं लोणचं संपलं, बरणी तेवढी राहिली.” सुरुवातीला रोज फोन व्हायचा. मग रविवारी. मग व्हॉट्सॲपवर तिच्या कंपनीच्या कँटीनमधल्या इडलीचे फोटो, आणि माझ्याकडून अंगठा.

नवीन द्रावण हिरवं होत नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं. का नाही, ते आता सांगता येणार नाही. कदाचित सांगायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून.

*

तिसऱ्यांदा लाल निघालं त्या दिवशी मी जुन्या नमुन्याकडे वळले. पहिल्या यशस्वी कुपीतलं थोडं द्रावण मी बूच लावून, वर पट्टी गुंडाळून, कपाटात ठेवलं होतं. अजून हिरवं होतं. नव्यात आणि जुन्यात फरक काय, हे बघायला त्यातला थेंबभर काढावा म्हणून मी पट्टी सोडवली आणि बूच काढलं.

आणि प्रेरणा आली.

मी खरंच मागे वळून पाहिलं. दार बंद होतं, वऱ्हांड्यात कोणी नव्हतं. समोरचं टेबल मोकळं. क्षणभर मला एवढा आनंद झाला की त्याची नंतर लाज वाटली. केएमटी, ओढणी, ‘पास हाय माझा’, सगळं एका श्वासात आलं आणि गेलं.

दुसऱ्या श्वासाला मात्र मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. वास ही आठवण नसते. वास म्हणजे रेणू. नाकापर्यंत पोचला म्हणजे तो हवेत आहे, हवेत आहे म्हणजे कुपीतून आला आहे, आणि कुपीत मी तो कधीही घातलेला नाही. पिरिडीनच्या रेणूत एक नायट्रोजन असतो. निकेलला तो आवडतो. वरून एक, खालून एक, अगदी सहज येऊन बसतो. थंडीत धरून राहतो, तापवला की सुटतो. बूच लावलेलं असलं तर कुठे जात नाही, थंड झालं की परत येऊन बसतो.

मी बूच लावलं. हात धुतले. मग खुर्चीत बसून राहिले.

बंद बरणीत तिची उघडी कुपी आणि माझी उघडी कुपी आठवडाभर शेजारी उभ्या होत्या. हेक्झेनची वाफ माझ्या कुपीत शिरत होती, तर तिच्या पिरिडीनची का शिरणार नाही? ‘हातांना वेळ लागतो’ म्हणून मी जे लिहिलं होतं, तो वेळ तिच्या कुपीतून माझ्या कुपीत यायला लागणारा होता.

पण हा अंदाज झाला. अंदाजावर मी एकदा निबंध लिहून बसले होते. आता तपासायला हवं होतं, आणि तपासायची रीत समोरच होती. बरणी धुतली, पुसली, नवी चकती बसवली. डावीकडे नव्या लाल द्रावणाची उघडी कुपी. उजवीकडे, प्रेरणाच्या जागी, जुन्या हिरव्या द्रावणाची उघडी कुपी. बाकी काही नाही. झाकण लावून बरणी या वेळी फ्रीजऐवजी टेबलावरच ठेवली, म्हणजे वाफ लवकर सुटेल. नवं द्रावण लालच राहिलं, तर वास वरवरचा, आणि माझे हात अजून खरे असू शकतात. नवं हिरवट झालं, तर जुन्यातून काहीतरी निघून नव्यात गेलं.

जुनं द्रावण तेवढंच शिल्लक होतं. एकदा उघडं ठेवलं की ते पुन्हा तसं होणार नव्हतं. झाकण फिरवताना मी थोडी थांबले. मग घट्ट फिरवलं.

*

शनिवार-रविवार हुपरीला गेले. घरात सोप्यावर अव्वा, म्हणजे आई, आणि शेजारच्या दोन बायका पैंजणांना घुंगरं जोडत बसल्या होत्या. अप्पा आत भट्टीशी. मी अव्वाशेजारी बसले आणि चिमटा हातात घेतला. लहानपणापासूनचं काम आहे, हात आपोआप चालतात.

“बारीक झालीस,” अव्वा म्हणाली. “ती कागलची पोरगी गेल्यापास्नं जेवत न्हाईस व्हय?”

“जेवते की.”

“फोन येतो तिचा?”

“येतो.”

“मग एवढं तोंड का पडलंय? काय चाललंय काय तुझं तिकडं?”

मी म्हणाले, “बरणीत ठेवलंय एक. सोमवारी उघडायचंय.”

“लोणचं?”

“तसलंच.”

“मग हालवू नको मधी मधी,” अव्वा म्हणाली, आणि शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. निकेल, हात, परीक्षक, मुदत हे सगळं कानडी-मराठी मिसळून तिला कुठून सांगायला सुरुवात करायची ते मला सुचेना. हे ज्याला एका वाक्यात सांगता आलं असतं असं माणूस एकच होतं, आणि त्याच माणसाच्या कुपीबद्दल सांगायचं होतं. घुंगरं जोडत राहिले. दुपारच्या गाडीने परत आले.

*

सोमवारी मी बॅग खांद्यावरून न उतरवताच टेबलाशी गेले.

डावीकडचं द्रावण लाल नव्हतं. हिरवंही म्हणता येणार नाही. पावसाळी डबक्यासारखा मधला, मातकट हिरवा रंग. उजवीकडचं आता हिरवंगार राहिलं नव्हतं. तेही त्याच रंगाचं झालं होतं. जे होतं ते दोघींनी वाटून घेतलं होतं. दोन कुप्या शेजारी धरल्या तर कुठली जुनी, कुठली नवी, ओळखू येत नव्हती.

नवीची नळी भरून तराजूच्या चुंबकात लावली. वजन वाढलं. थोडंच, पण वाढलं. मग ताज्या लाल द्रावणात पिरिडीनचा एक थेंब टाकला. थेंब पडला तिथून हिरवा धूर निघावा तसा रंग पसरला. आठवडा लागला नाही, श्वासभरही लागला नाही.

सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते उत्तरपत्रिका तपासत होते. मी तीन कुप्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं. मध्ये एकदाही त्यांनी अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी मधली कुपी उचलली, बूच काढून हुंगलं, आणि चेहरा वाकडा केला.

“कागलची,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मग तुझे हात?”

“लागतच नाहीत सर. आखूड पडतात बहुतेक. मी रचना पुन्हा मांडून बघितली. साखळी वळते, पण निकेलपर्यंत पोचत नाही.”

सर थोडा वेळ कुपी बोटांत फिरवत राहिले. “निकेलला पिरिडीन लागून हिरवं होतं, हे माझे गुरू शिकले तेव्हाबी जुनं होतं. ह्याच्यावर निबंध होत न्हाय.”

“माहीत आहे.”

“परीक्षकांना काय कळवतेस?”

“मागे घेते म्हणून. आणि का, तेही.”

मला वाटलं होतं ते रागावतील, किंवा समजूत घालतील. त्यांनी कुपी खाली ठेवली आणि लाल पेन उचललं. मी दाराशी पोचल्यावर म्हणाले, “साखळी दोन कार्बननं वाढवून बघ. वर्ष जाईल. जाऊ दे.”

दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी प्रेरणाला फोन लावला. लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज, तेलुगू बोलणं.

“विद्ये! जिवंत हाईस व्हय? मला वाटलं निकेलनं गिळलं तुला.”

मी सांगितलं. घाईने, क्रमाने, जसं सरांना सांगितलं तसं. ती मग एकदम मोठ्याने हसली.

“म्हणजे माझा वास तुझ्या पेपरात शिरला? आगं मग माझं नाव घाल की त्यात!”

“पेपरच मागे घेतेय.”

हसणं थांबलं. “आगं... आणि मला आत्ता सांगतीस? कधीपास्नं लाल येतंय?”

“तू गेल्यापासून.”

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली. ती इंग्रजीत ‘दोन मिनिटं’ म्हणाली, मग मला, “ऐक, बॅच लागलीय माझी, जावं लागतंय. रात्री करते फोन. नक्की करते. आणि विद्ये, रडू नको.”

“रडत नाही.”

“न्हाय, तू रडत न्हाईस. तेच तर,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

संपादकांना पत्र लिहिलं. लांब नव्हतं. झालेला बदल रेणूच्या स्वतःच्या हातांमुळे नसून शेजारच्या कुपीतून आलेल्या पिरिडीनमुळे होता, म्हणून निबंध मागे घेत आहे. ‘शेजारच्या’ या शब्दाला इंग्रजीत दोन-तीन पर्याय होते. सगळ्यात कोरडा निवडला.

मग एक प्रयोग राहिला होता. परीक्षकांसाठी नाही, प्रबंधासाठी. काहीही शेजारी नसताना काय होतं याची नोंद लागतेच, नाहीतर बाकीच्या नोंदींना अर्थ नाही. आधीच्या लाल कुप्या त्यासाठी चालणार नव्हत्या. तेव्हा बरणी नीट धुतलेलीच नव्हती आणि चकती प्रेरणाच्या वेळची होती. बरणी पुन्हा सोड्याने घासली, गरम पाण्याने विसळली, खिडकीत उन्हाला पालथी घातली. रबराची दुसरी कोरी चकती काढली. बाजूला ठेवलेली प्रेरणाच्या वेळची चकती नाकाशी नेली. अजून थोडा वास होता. ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

बरणी वाळल्यावर तळाला हेक्झेन ओतलं आणि डावीकडे माझी कुपी उभी केली. एकटी कुपी मध्ये ठेवली तरी चाललं असतं, पण आधीच्या सगळ्या वेळी ती डावीकडे होती, म्हणून डावीकडेच ठेवली. झाकण लावलं, तारीख घातली, फ्रीजमध्ये ठेवली.

आठवड्याने उघडायची आहे. द्रावण लालच असेल, हे मला आत्ताच माहीत आहे. तरी उघडून बघावं लागेल.